दाखला

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप. बोलताना जे राहून गेलं ते थोडं भरून काढलं आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'परदेशातील माझे अनुभव'. विषय ऐकला आणि निबंधाची वही डोळ्यांपुढं आली. मुद्दे ठरलेले: प्रस्तावना, तिथली स्वच्छता, तिथली शिस्त, मायभूमीची ओढ, समारोप. बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून आधीच कबूल करते, समारोप जमणार नाही. तेव्हाही जमत नव्हता.

आपल्या ग्रुपवर मी बर्फाचे फोटो टाकते. ख्रिसमसच्या बाजाराचे टाकते. मग कुणीतरी लिहितं, "तुझं काय बाई, मजा आहे." मी हसरा चेहरा टाकते आणि विषय संपतो. आज तो जरा पुढं न्यायचा आहे. रडगाणं गायला मी आलेले नाही. आम्ही आमच्या मर्जीनं गेलो, पगार चांगला आहे, परत या म्हणून कुणी अडवलेलं नाही. पण फोटोत जे येत नाही ते इथं, आपल्या माणसांत, एकदा सांगावं असं वाटलं.

मार्च २०१७ मध्ये आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला गेलो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पुण्यात चौदा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून गेले होते, त्यामुळं आपल्याला सगळं येतं असा समज होता. तो पहिल्या आठवड्यात उतरला. घर भाड्यानं मिळालं, दार उघडलं, तर स्वयंपाकघरात चार भिंती, एक नळाचं तोंड आणि तीन वायरी. तिकडं बरेचदा भाड्याचं घर असंच मिळतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं हे सगळं भाडेकरूचं. तो जाताना उचकटून घेऊन जातो. आपण आपलं नवीन करून घ्यायचं आणि ते यायला आठवडे लागतात. सहा आठवडे मी विजेच्या एका प्लेटवर खिचडी केली आणि भांडी न्हाणीघरात बसून घासली. आईला व्हिडिओ कॉल करताना कॅमेरा बाहेरच्या खोलीतच ठेवायचा, हे तेव्हापासून सुरू झालं.

मग पत्रपेटी. तिकडं सगळं पत्रानं येतं. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, शाळेची सूचना, दंड. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग घरनंबर बरोबर असला तरी. आमचं आडनाव पट्टीवर मावेना म्हणून घरमालकानं शेवटची दोन अक्षरं कापली आणि पहिले तीन आठवडे आमची पत्रं कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. जे पत्र मात्र अचूक पोचलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. दर घरामागं तेव्हा महिना साडेसतरा युरो होते, घरात टीव्ही असो वा नसो. आमच्याकडं टीव्ही नव्हता. तसं मी सविस्तर कळवलं. उत्तरादाखल पैसे भरण्याचा फॉर्म आला.

त्या भागात आणखी एक प्रकार आहे, केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे, हो, जवळजवळ केरच. झाडणं. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी लटकवतात. त्यानं जिना, तळघराची वाट, फुटपाथ झाडायचा आणि हिवाळ्यात बर्फ ओढायचा. मुळं म्हणे पंधराव्या शतकापर्यंत जातात. पाटी पहिल्यांदा आमच्या दारावर आली तेव्हा मला ती जाहिरात वाटली आणि मी ती पेटीत टाकून दिली. खालच्या मजल्यावरच्या आजी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पाटी घेऊन वर आल्या आणि झाडू कसा धरायचा ते मला दाखवलं. बारा वर्षांची असल्यापासून मी अंगण झाडत आले आहे, हे सांगण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं.

भाषेचंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. जर्मनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. आपल्याला सोपं जाईल असं वाटतं, पण तिथंच फसगत होते. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलगी हा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी. माझे दिल्लीकडचे सहकारी यावर हैराण. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडं लाडात आणि रागात पोरीला 'ते कारटं' म्हणतातच की. आकडे मात्र मला एका दिवसात आले. एकवीस म्हणताना ते आधी एक म्हणतात, मग वीस. साऱ्या जगातले लोक याला नावं ठेवतात. आपण तर पाढे तसेच म्हटले. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं आणि इकडं गदारोळ झाला, तेव्हा तिकडं बसून मी एकवीसच्या बाजूनं फार तावातावानं बोलले होते. ऐकायला नवरा सोडून कुणी नव्हतं.

पण आकडे आणि भाजीची नावं यापुढं मी गेले नाही. कचेरीत सगळं इंग्रजीत चालायचं. संध्याकाळी थकून आल्यावर क्लासला कोण जाणार? हा माझा आळस, आणि त्याची किंमत कशी लागली ते सांगते.

माझ्याकडं ब्ल्यू कार्ड होतं. म्हणजे पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी असलेल्यांना मिळणारा राहण्याचा परवाना. तो मुदतीचा असतो. कायमचा परवाना त्या वेळच्या नियमाप्रमाणं तेहतीस महिन्यांनी मिळायचा, आणि बी-वन ही भाषेची परीक्षा पास असाल तर एकवीस महिन्यांनी. म्हणजे परीक्षा दिली असती तर डिसेंबर २०१८ मध्ये मी मोकळी झाले असते. दिली नाही. कार्डावर तारीख होती जून २०१९ अखेरची. त्याच वसंत ऋतूत कंपनीनं आमचा विभाग बंद केला. दुसरी नोकरी मिळाली, देवाच्या दयेनं लगेच मिळाली, पण तिथं पहिले सहा महिने परीक्षेचे. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. नव्या परवान्याचा अर्ज मी मे महिन्यात, मुदतीच्या आत दिला. परकीय नागरिकांच्या कार्यालयानं ऑगस्टमधली वेळ दिली. तिकडं वेळेला टर्मीन म्हणतात. डॉक्टरला टर्मीन, बँकेत टर्मीन, केस कापायला टर्मीन. टर्मीन नसेल तर तुम्ही समोर उभे असूनही नसताच.

आता कायदा असा आहे की मुदतीच्या आत अर्ज दिला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानायचं. पण तसं मानलं आहे हे सांगणारा एक वेगळा कागद लागतो. तो हातात नसेल तर देशाबाहेर गेल्यावर परत आत येता येईल याची खात्री नाही. त्या कागदाचं नाव फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग. फिक्त्सिऑन म्हणजे फिक्शनच. कल्पित गोष्टीचं प्रमाणपत्र. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, कादंबरीला कसलं प्रमाणपत्र?"

जुलै २०१९. आषाढी एकादशीचा आदला दिवस, गुरुवार. आमच्याकडं पहाटेचे पाच, कराडात साडेआठ. फोन वाजला. बाबांना हार्ट अटॅक आला होता. दवाखान्यात नेलं होतं, अँजिओप्लास्टी तातडीनं करायची होती. आई एकटी.

मी काय केलं? जी यादी तयार होती तिच्यातला पहिला नंबर लावला. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाकडं अशी यादी असते. रात्री-अपरात्री कुणाला उठवता येईल त्यांची. त्या यादीत पहिलं नाव आपल्याच वर्गातल्या एकाचं होतं. शेवटच्या बाकावर बसायचा. नाव घेतलंस तर उठून जाईन अशी त्यानं ताकीद दिली आहे, म्हणून घेत नाही. तो पंधरा मिनिटांत दवाखान्यात पोचला. संमतीपत्रावर आईनं सही केली, हात थरथरत होता म्हणून ती दोन ओळींत गेली, आणि खाली साक्षीदार म्हणून सही ह्यानं केली. डिपॉझिट ह्यानं भरलं. बाबा बरे झाल्यावर मी तो फॉर्म पाहिला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'मुलीचा वर्गमित्र'.

इकडं मी त्या कार्यालयाच्या दारात. टर्मीन नाही. दारावरचा माणूस सभ्य होता. ईमेल करा म्हणाला. ईमेल केला. शुक्रवारी पुन्हा गेले. सोमवारी पहाटे पाचला जाऊन रांगेत उभी राहिले. माझ्यापुढं एक सीरियाचा माणूस होता. त्याच्या हातात माझ्यापेक्षा तिप्पट जाड फाइल होती आणि ती त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा शर्टाच्या आत धरली होती. मोडक्या जर्मनमध्ये आम्ही बोललो. वडिलांचं सांगितलं तर त्यानं मला पुढं जायला जागा दिली. त्याच्या वडिलांचं मी विचारलं नाही. त्या रांगेत सगळ्यांत सुस्थितीतली मीच होते, हे तेव्हाही कळत होतं. मंगळवारी दुपारी मला तो कागद मिळाला.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हां सगळ्यांना, नातेवाइकांना, आणि त्या शेवटच्या बाकावरच्यालासुद्धा मी असं सांगितलं आहे की व्हिसाचा प्रश्न होता म्हणून येता आलं नाही. तुम्ही ते समजून घेतलंत. पण मंगळवारी कागद माझ्या हातात होता. त्याच दिवशी बाबा आयसीयूतून बाहेर आले होते आणि फोनवर म्हणाले, "आता कशाला येतेस, नवीन नोकरी आहे, रजा मागू नकोस." आणि मी ऐकलं. मी इतक्या पटकन ऐकलं की ते त्यांनाही जाणवलं असेल. नोकरी गेली असती तर परवाना गेला असता, परवाना गेला असता तर मुलीची शाळा, घराचा करार. हे सगळं मी मनात मांडलं आणि उत्तर आलं ते पसंत पडलं. गेले ती दिवाळीत. बाबांनी विषय काढला नाही. ते माझ्यासाठी चिवडा घेऊन स्टँडवर उभे होते.

त्या नोव्हेंबरात बी-वनची परीक्षा दिली, पुढच्या वर्षी कायमचं कार्ड मिळालं. २०२२ मध्ये बाबा गेले. तेव्हा कार्ड होतं, तिकीट मिळालं, तरी मी पोचले ती दुसऱ्या दिवशी.

मुलीचं थोडक्यात सांगते. तिकडं चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. शिक्षक शिफारस करतात, कुणी पुढं विद्यापीठात जाण्याच्या शाळेत, कुणी धंदेशिक्षणाकडं वळणाऱ्या शाळेत. दहाव्या वर्षी! आमच्या मुलीसाठी मधल्या शाळेची शिफारस आली, भाषा कच्ची म्हणून. ती शिफारस बंधनकारक नव्हती, तरी ती चिठ्ठी वाचून मी आठ दिवस नीट झोपले नाही. मला आपला वर्ग आठवला. डॉक्टर झालेला, आता रसवंती चालवणारा, सरपंच झालेली, आणि गणितात दर वर्षी काठावर पास होऊन आज कारखान्यात चीफ केमिस्ट असलेला, सगळे दहावीपर्यंत एका खोलीत. दहाव्या वर्षी आपली चाळण लावली असती तर आज या मांडवात निम्मेच असतो. आपल्या शाळेत दोष होते, सर, पत्रा गळायचा. पण हे एक बरं होतं.

आता शेवटचं, आणि सध्या चालू असलेलं.

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. घरी एकटी. तिला तिकडं न्यायचं तर पाहुणी म्हणून नव्वद दिवस. पालकांना आणण्याचा नियम २०२४ मध्ये थोडा सैल झाला, पण तो १ मार्च २०२४ पासून पुढं परवाना मिळालेल्यांसाठी. आम्ही जुने. आणि मुळात तिला यायचं नाही. "तुमच्या त्या जिन्याला मी काय करू," म्हणते. म्हणजे उद्या गरज पडली तर मी इथं येऊन राहायला हवं. पण माझं कायमचं कार्ड नावापुरतंच कायमचं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की साधारणपणे ते रद्द होतं. आईचं दुखणं सहा महिन्यांत आटपा असं कसं सांगणार? आणि मुलगी तिकडं नववीत.

यातून सरळ वाट एकच. जर्मन नागरिकत्व घ्यायचं. मग कितीही दिवस इथं राहा, परत जायचा हक्क जात नाही. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडा म्हणत नाही. पण आपला कायदा दुहेरी मानत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर कधीही या, कितीही राहा. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

म्हणजे बघा, आईजवळ मनासारखं राहता यावं म्हणून मला भारतीय असणं सोडावं लागतं. मी इंजिनियर आहे. यात कुठं चूक आहे म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. चूक नाही. नवरा म्हणतो, तू घे, मी घेणार नाही. घरात दोन रंगांचे पासपोर्ट राहू देत.

अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. तेहतीस प्रश्नांची परीक्षा असते, सतरा बरोबर आले की पास. माझे बत्तीस आले. बाई, एक चुकला. आता पत्र आलं आहे, जानेवारीत येऊन प्रमाणपत्र घ्या. घ्यायचं की नाही, ते तोवर माझ्या हातात आहे.

परवा आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तुला इथं यायला कुणाला विचारावं लागणार का?" म्हटलं, नाही. "मतदानाला यायचीस का तू नाहीतरी?" नाही. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडलं नसतं. पण ते असते तर तुला याची गरजच पडली नसती." आणि निवडलेली मेथी माझ्याकडं सरकवली.

या अर्जासाठी जन्माचा दाखला लागला. माझ्या वेळच्या नोंदीत नावच नव्हतं. 'मुलगी', बाबांचं नाव आणि तारीख, एवढंच. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला होता, त्यामुळं इतकी वर्षं कधी अडलं नाही. नगरपालिकेत सांगितलं, नाव घालायचं तर शाळेचा उतारा आणा. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये मी आपल्या शाळेच्या ऑफिसात आले. नवीन इमारत, पण कपाट तेच. क्लार्क भाऊंनी जनरल रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि दहा मिनिटांत पान सापडलं. टर्मीन विचारलं नाही. चहा मात्र दोनदा विचारला.

निळ्या शाईतलं अक्षर बहुधा आपल्या तेव्हाच्या मोठ्या गुरुजींचं असावं. नाव. आईचं नाव. जन्मगाव. मातृभाषा, मराठी. राष्ट्रीयत्व, भारतीय. वर्तणूक, चांगली. भाऊंनी उतारा लिहिला, शिक्का मारला आणि विचारलं, "एकच प्रत का?"

मी दोन घेतल्या. एक तिकडच्या कार्यालयात जाणाऱ्या फाइलला लागली. दुसरी आत्ता या पर्समध्ये आहे.